‘दोन दिवसांत अंग सरावतं’ म्हणे!

सागरी मार्गाने सायकलवर गोव्याला निघणाऱ्यांत एक सल्ला सारखा फिरत असतो : ‘जिमला जात असाल तर वेगळी तयारी नको. पहिले दोन दिवस दुखतं, मग अंग सरावतं. सीटला जेल कव्हर लावा आणि निघण्याआधीच्या रविवारी एकदा शंभर किलोमीटर मारा, बस.’

दोन दिवसांत काय सरावतं? दमट उन्हाची सवय व्हायलाच आठवडा-दीड आठवडा जातो. बुडाची कातडी तर उलट वागते. पहिल्या दिवशी लाल होते, दुसऱ्या दिवशी सोलवटते आणि तिसऱ्या दिवशी सीटवर टेकवत नाही.

जेल कव्हरने हे वाढतं. मऊ गादीत बैठकीची हाडं रुततात, भार मधल्या नाजूक भागावर येतो आणि तिथे मुंग्या येतात. शिवाय कव्हर सरकत राहतं, त्याने घासतं ते वेगळंच. हाडांच्या रुंदीला बसेल असं, जरा कडकच सीट घ्या. पॅडची शॉर्ट घालायची, आत काही नाही, घासणाऱ्या जागी व्हॅसलीन. कोकणात धुतलेली शॉर्ट रात्रीत वाळत नाही. टॉवेलात गुंडाळून पिळा, तरीही दुसरी जवळ हवीच.

जिमचा उपयोग आहे, नाही असं नाही. पोट-पाठ घट्ट असेल तर हँडलवर भार कमी येतो, करंगळी आणि अनामिका बधिर होत नाहीत. पण मिनिटाला 80 फेऱ्यांनी पाच तास म्हणजे एकेक गुडघा 24,000 वेळा वाकतो. स्क्वॉटचे चार सेट त्याची तयारी करून देत नाहीत. म्हणून सीटची उंची आधी बघा : पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे किंवा गिअर जड पडतोय. मागून दुखला तर सीट वर आहे. बदल एका वेळी 3-4 मिलिमीटरच करा.

आणि तो शेवटचा रविवार! त्या शंभर किलोमीटरने ताकद वाढत नाही, पाय मात्र दमलेले घेऊन निघता. आठ आठवडे आधी सुरुवात करा. शनिवार-रविवार लागोपाठ चालवा : आधी 40-40, वाढवत 80-80, शेवटच्या दोन वेळा पूर्ण सामान लादून. खरी परीक्षा रविवारी सकाळची. निघण्याच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणा. चढही हवेत, कारण या वाटेवर खाडीतून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, आणि सड्यावरून पुढच्या खाडीत, हेच दिवसभर चालतं. धोपावे किंवा जयगडच्या धक्क्यावर फेरीबोटीतून उतरलं की थंड पायांनी लगेच चढ लागतो. पुण्यात असाल तर सामानासकट बोपदेव घाट एका सकाळी तीनदा चढा.

हातात दोनच आठवडे असतील तर रोजचं अंतर 50 वर आणा आणि मांडव्याहून निघून तिसरा दिवस दिवेआगरला आडवे पडा.