खाण्याच्या सोड्याने कॉकटेल फसफसत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर माझ्याकडे चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला. मथळा असा: 'बारमधलं महागडं स्पार्कलिंग कॉकटेल, घरी दोन मिनिटांत'. कृती थोडक्यात अशी, की डब्यातला कुठलाही ज्यूस घ्या, व्होडका ओता, लिंबू पिळा, अर्धा चमचा खाण्याचा सोडा टाका आणि सगळं मिक्सरमधून फिरवा. बर्फ दोनच खडे, नाहीतर पाणचट होईल. शेवटची ओळ: 'फळांचं असल्यामुळे चढत नाही, बायकांनाही चालतं.'

मला घरी फळांची पेयं करायला मनापासून आवडतं, दारू घालून आणि न घालताही. दादरच्या मंडईतून आणलेलं चांगलं फळ या कृतीने फुकट जातं, आणि शेवटची ओळ तर सरळ धोक्याची आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी खाण्याचा सोडा. तो लिंबाच्या रसात पडला की भसकन फेस येतो हे खरं. मजकुरासोबतच्या व्हिडिओत तेच दिसतं आणि लोक फसतात. पण तो फेस म्हणजे ग्लास सोडून चाललेला गॅस. आपल्याला हवी असते ती जिभेवरची चुरचुर, आणि ती पाण्यात विरघळून राहिलेल्या गॅसमुळे येते. उघड्या ग्लासात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड विरघळायच्या आधीच हवेत जातो, कारण त्याला पाण्यात दाबून धरणारं काहीच नसतं. गोटी सोड्याची बाटली आठवा. हायरम कॉड या इंग्रजाने १८७०च्या दशकात ती बाटली काढली. तिच्यात ना बूच ना झाकण. आतल्या गॅसचाच दाब गोटीला वरच्या रबरावर घट्ट बसवून ठेवतो. गोटी आत ढकलली की जो आवाज होतो, तो त्या दाबाचा. सोडावॉटर म्हणजे दाबाखाली पाण्यात कोंबलेला गॅस. चमच्याने तो घालता येत नाही.

चवीचा हिशेबही मांडून बघा. एका कागदी लिंबाचा रस साधारण २० मिलि, त्यात सायट्रिक आम्ल ग्रॅमभर किंवा थोडं जास्त. एवढं आम्ल मारायला दीड ग्रॅमच्या आसपास खाण्याचा सोडा पुरतो. कृतीत सांगितलेला अर्धा चमचा म्हणजे अडीच ग्रॅम. म्हणजे लिंबाचा सगळा आंबटपणा संपतो, वर सोडा उरतो आणि तोंडात साबणासारखी खारट चव राहते. माझ्या भाच्याने एका रविवारी हौसेने अमृत कोकम घेऊन हा प्रयोग केला. तो लालबुंद रंग डोळ्यांदेखत जांभळट-करडा झाला. कोकमातलं रंगद्रव्य आम्लात लाल असतं, आम्ल गेलं की रंग पालटतो. पोरगं इतकं हिरमुसलं की मलाच वाईट वाटलं. शिवाय त्या अडीच ग्रॅममध्ये सोडियम जवळजवळ ०.७ ग्रॅम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसभराची मर्यादा २ ग्रॅमच्या आत सांगितली आहे. रक्तदाबाचा त्रास असलेल्या माणसाला असे दोन ग्लास हौसेने पाजणं बरं नव्हे.

काही जण यावर सुचवतात, की मग हेच मिश्रण बाटलीत भरून झाकण लावा. कृपा करून हे करू नका. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम सोड्यातून पुरेसं आम्ल मिळालं तर सव्वा लिटरहून जास्त गॅस निघतो. बंद काचेच्या बाटलीत तो कोंडला तर बाटली फुटून काचा अंगावर येतात.

मिक्सरबद्दल फार बोलायला नको. पातं फिरलं की उरलासुरला गॅसही जातो. रस, साखरेचा पाक, दारू हे हवं तेवढं हलवा, घुसळा. बाटलीतला सोडा मात्र शेवटी, ग्लासच्या कडेने हळू ओतायचा आणि चमच्याने एकदाच तळातून वर उचलायचं. सोडा घालून झाकणबंद भांडं हलवलं तर झाकण उडतं, हेही लक्षात असू द्या. इटलीतलं बेलिनी हे कॉकटेल घ्या. १९४८ च्या सुमारास व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये ज्युझेप्पे चिप्रियानी यांनी ते केलं. पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेको ही फसफसती वाइन, बस्स. घुसळणं नाही, यंत्र नाही.

बर्फाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यावा असा आहे, कारण 'कमी बर्फ, कमी पाणी' हे ऐकायला पटतं. मुंबईच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलेला रस आणि सोडा ३० अंशांवर असतात. असं २०० मिलि पेय शून्यावर आणायला साधारण ७५ ग्रॅम बर्फ वितळावा लागतो, म्हणजे घरच्या ट्रेमधले तीनेक खडे. दोन टाकले तर दोन्ही पूर्ण वितळणार, पेय पाणचट होणार आणि वर हवं तेवढं गारही होणार नाही. तेच पेय फ्रीजमधून ५ अंशांवर आलं असेल तर १२-१३ ग्रॅम वितळून काम भागतं. म्हणून ग्लाससकट सगळं आधी फ्रीजमध्ये ठेवा आणि ग्लास बर्फाने काठोकाठ भरा. गॅसचंही तेच. ३० अंशांच्या पाण्यात मावतो त्याच्या दुपटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड ४ अंशांच्या पाण्यात मावतो. कोमट सोडा उघडला की अर्धी गंमत तिथेच संपते. आणि बर्फाचा ट्रे झाकून ठेवा हो. फ्रीजरमध्ये बोंबील असतील तर तो वास थेट कलिंगडाच्या ग्लासात उतरतो.

मी करते ते असं. गाळलेला कलिंगडाचा किंवा संत्र्याचा रस ६० मिलि, नाहीतर अमृत कोकम ३० मिलि. लिंबाचा रस १५ ते २० मिलि. साखर आणि पाणी सारख्या मापाने घेऊन नुसतं विरघळेपर्यंत गरम केलेला पाक, रसासोबत १५ मिलि, अमृत कोकमासोबत अजिबात नाही. थंड सोड्यात कोरडी साखर लवकर विरघळत नाही, उलट तिच्या कणांवर बुडबुडे धरतात आणि गॅस निघून जातो. मसाला सोडा करणारा ग्लासात मसाला टाकतो तेव्हा फेस वर येतो तो याचमुळे, म्हणून काळं मीठ मी ग्लासच्या काठाला लावते. फळाचा चोथाही हेच करतो, तेव्हा गाळणं चुकवू नका. हापूसचा गर घ्यायचा तर दोन चमचेच. वर १०० ते १२० मिलि गार सोडा, तोही लहान बाटलीतला, म्हणजे उरलेला शिळा होत नाही. व्होडका किंवा जिन घालायची तर ३० मिलि, सोड्याच्या आधी.

'कुठलाही डब्यातला ज्यूस' हेही चालत नाही. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत 'फ्रूट ड्रिंक' म्हणवणाऱ्या पेयात फळाचा अंश १० टक्के असला तरी पुरतो. बाकी बहुतेक पाणी आणि साखर. त्यात आणखी सोडा ओतला की फळ शोधावं लागतं.

आता ती शेवटची ओळ. फळाच्या रसाने दारू कमी होत नाही. आपल्याकडच्या व्होडकात साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे ६० मिलिमध्ये जवळपास २० ग्रॅम, मग त्यात पाणी घाला की डाळिंब. आंबटगोड चव फक्त दारूचा कडवटपणा झाकते, म्हणून ग्लास भराभर रिकामा होतो. बुडबुड्यांमुळे काही जणांच्या रक्तात अल्कोहोल उलट लवकर चढतं. आणि बायकांच्या शरीरात सरासरीने पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातलं प्रमाण पुरुषापेक्षा जास्त होतं. 'बायकांनाही चालतं' हे सांगणारा माणूस नेमकं उलटं सांगतो आहे. मजकुरात वयाचा उल्लेखही नाही. महाराष्ट्रात व्होडका-जिनसारख्या दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, आणि हा मजकूर कॉलेजच्या मुलांच्या ग्रुपांवरही फिरतो आहे.

गाडी चालवताना १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं तर तो गुन्हा आहे, आणि चव गोड होती म्हणून आकडा कमी येत नाही. आमच्याकडे कोणी जेवायला आलं की घरी गाडी कोण नेणार हे मी आधी विचारते. त्याचा ग्लास पहिला भरते: कोकम, लिंबू, गार सोडा, काठाला काळं मीठ. मग पेगचं माप बाहेर काढते.