‘चारही पाथ ॲक्टिव्ह आहेत, मग बोंब कसली?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

केव्हीएम होस्टवर (व्हर्च्युअल मशिन, म्हणजे व्हीएम, चालवणाऱ्या लिनक्स सर्व्हरवर) चार आयस्कझी पाथ (नेटवर्कवरून स्टोरेजकडे जायचे रस्ते) असूनही व्हीएम का अडखळतात, या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी इथे जशीच्या तशी देतो: ‘मल्टिपाथ -एलएल मध्ये चारही पाथ ॲक्टिव्ह रेडी दिसतायत म्हणजे मल्टिपाथ ठणठणीत आहे, विषय संपला. पुढचं सगळं पाल्हाळ. पिंगचा आकडाही चुकलाय. नो_पाथ_रिट्राय ला सरळ क्यू टाका, १२ वगैरे कॉपी-पेस्ट पंडितांचे चाळे आहेत.’ (मल्टिपाथ हे एकाच डिस्कचे अनेक पाथ सांभाळणारं सॉफ्टवेअर, -एलएल ही त्यांची स्थिती दाखवणारी कमांड. नो_पाथ_रिट्राय म्हणजे सगळे पाथ गेल्यावर किती वेळा पुन्हा तपासायचं ते सेटिंग; मी १२ सुचवलं होतं, क्यू म्हणजे अमर्याद.)

आधी जे मान्य आहे ते. पिंगचा आकडा चुकला होता. मोठी पॅकेटं पार होतात का हे बघायच्या पिंगमध्ये मी ९००० लिहिलं होतं, तिथे ८९७२ हवं. एमटीयूच्या, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराच्या, ९००० मधून आयपीच्या हेडरचे २० आणि आयसीएमपीच्या (पिंगच्या प्रोटोकॉलच्या) हेडरचे ८ बाइट वजा होतात. लेखात दुरुस्ती केली आहे. हाताच्या सवयीने झालेली चूक होती, त्यावरून एवढा गहजब करायचं कारण नव्हतं. (माझा आकडा वापरून कुणी धडधाकट नेटवर्कला दोष देत बसला असेल, तर त्याची मात्र माफी मागतो.)

‘कॉपी-पेस्ट पंडित’ याबद्दल एवढंच सांगतो की चौदा वर्षं स्टोरेज आणि होस्ट या दोन्हींच्या रात्रपाळ्या काढल्या आहेत. हे सांगायची मला हौस नाही, तुम्ही वेळ आणलीत. मतभेद असू द्यात, पण चहाच्या टपरीवर बोलल्यासारखं इथे बोलायचं काही कारण आहे का?

आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे येतो. मला त्याचाच खरा राग आला, कारण हे वाक्य मी प्रत्येक कॉलवर ऐकतो. ‘ॲक्टिव्ह रेडी’ यातला ‘रेडी’ शब्द कोण लिहितं, याचा कधी विचार केलात? तो मल्टिपाथडीच्या (मल्टिपाथच्या मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामच्या) चेकरचा, म्हणजे पाथ तपासणाऱ्या भागाचा शेरा असतो, आणि बहुतेक ॲरेंसाठी (स्टोरेज यंत्रांसाठी) तो चेकर टीयूआर असतो, म्हणजे टेस्ट युनिट रेडी. ही स्कझी कमांड ६ बाइटची असते, सहाही बाइट शून्य, आणि तिच्यासोबत डेटा अजिबात जात नाही. आयस्कझीचं ४८ बाइटचं हेडर, टीसीपी, आयपी आणि इथरनेट सगळं धरलं तरी ती फ्रेम सव्वाशे बाइटच्या आत बसते. ‘आहेस का?’ एवढाच प्रश्न, ‘आहे’ एवढंच उत्तर. दारावर टकटक केली आणि आतून आवाज आला, याचा अर्थ त्या दारातून कपाट आत जाईल असा होत नाही.

लेखातला बिघाड नेमका तिथेच होता. होस्टच्या कार्डांवर एमटीयू ९०००, ॲरेच्या पोर्टवरही ९०००, आणि मधल्या एका स्विचचा एक पोर्ट १५०० वर राहिलेला. टीसीपी जोडणी होताना दोन्ही टोकं सेगमेंटचा आकार आपसात ठरवतात, मधल्या स्विचला कुणी विचारत नाही. लॉगिन छोट्या पॅकेटांचं, ते पार पडतं. लन (ॲरेने दिलेली डिस्क) दिसतो. टीयूआर पास होतो. मग व्हीएमकडून ६४ केबीचा राइट येतो आणि पहिली जंबो (१५०० पेक्षा मोठी) फ्रेम त्या पोर्टवर गपगुमान फेकली जाते. पॅकेट मोठं झालं हे उलट कळवणं राउटरचं काम आहे, लेयर २ चा स्विच तोंड उघडत नाही. टीसीपी तोच सेगमेंट पुनःपुन्हा पाठवत राहतो.

पुढची गंमत बघा. ओपन-आयस्कझी (होस्टवरचं आयस्कझी सॉफ्टवेअर) साधारण दर ५ सेकंदांनी नॉप-आउट पाठवून सेशन जिवंत आहे का ते तपासतं आणि आणखी ५ सेकंद उत्तराची वाट पाहतं. हा नॉप अगदी चिमुकला असतो, पण तो त्याच टीसीपी प्रवाहात अडकलेल्या राइटच्या मागे रांगेत उभा असतो, त्यामुळे तोही पोचत नाही. मग कर्नल लॉगमध्ये पिंगला ५ सेकंदांत उत्तर नाही अशी ओळ येते आणि तिच्या पाठोपाठ कनेक्शन एरर १०२२. सेशन तुटतं, पुन्हा लॉगिन होतं, तेही छोट्या पॅकेटांवर, म्हणजे यशस्वी. चेकर येतो, टीयूआर पास करतो, पाथ ‘रीइन्स्टेटेड’ होतो, म्हणजे पुन्हा वापरात येतो. त्यावर पुढचा मोठा राइट येतो की पुन्हा तेच. व्हीएमच्या आतल्या माणसाला दिसतं ते एवढंच की डेटाबेस मधूनच काही सेकंद थिजतो आणि परत धावू लागतो. तुम्ही -एलएल मारता तेव्हा पाथ बहुतेक वेळा वरच असतो. कमांड खोटं बोलत नाही. तुम्ही तिला जे विचारलंच नाही, त्याचं उत्तर तुम्ही तिच्या तोंडी घालता.

म्हणून लेखात -एलएल नंतरच्या पायऱ्या दिल्या होत्या, ज्यांना तुम्ही पाल्हाळ म्हणालात. पिंग -एम डू -एस ८९७२ (पॅकेटचे तुकडे न करता) हे प्रत्येक कार्डावरून, -आय ने इंटरफेसचं नाव देऊन, त्या सबनेटमधल्या प्रत्येक पोर्टलला (ॲरेच्या आयपी पत्त्याला) करायचं. दोन सबनेट, प्रत्येकात होस्टचं एक कार्ड आणि ॲरेचे दोन पोर्टल, म्हणजे चार पिंग. तीन करून चौथा गृहीत धरायचा नाही. त्यानंतर एमपाथ डिव्हाइसवर (चारही पाथ एकत्र दिसतात त्यावर) नव्हे, तर खालच्या प्रत्येक एसडी डिव्हाइसवरून (एकेका पाथवरून) वेगवेगळं वाचायचं: डीडी कमांड, बीएस १ एम, काउंट २५६, आयफ्लॅग डायरेक्ट, आउटपुट डेव्ह-नलला. इथे इफ (कुठून वाचायचं) आणि ऑफची (कुठे लिहायचं) अदलाबदल झाली तर लनचं वाटोळं होईल, तेव्हा एंटर दाबण्यापूर्वी ओळ दोनदा वाचा. तीन पाथ सारख्या वेगाने वाचतात आणि चौथा लटकतो किंवा रखडतो, तेव्हा कुठला पोर्ट बघायचा हे तुम्हाला कळतं. अलुआ ॲरेवर (जिथे काही पाथ पसंतीचे आणि काही दुय्यम असतात) नॉन-ऑप्टिमाइझ्ड पाथ थोडा हळू असू शकतो, आणि स्टँडबाय पाथ तर वाचूच देणार नाही. ते दोष नव्हेत. एमटीयू बरोबर निघाला तर एथटूल -एस मधले सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या फ्रेमचा आकडा) बघा. मळलेल्या फायबरवर किंवा मरायला टेकलेल्या एसएफपीवर (फायबर जोडायच्या मॉड्यूलवर) हेच नाटक होतं: छोटी फ्रेम बचावते आणि मोठी मार खाते.

दुरुस्ती म्हणून स्विचवर सहसा ९२१६ ठेवतात, होस्टवर ९०००. व्हीलॅन इंटरफेस आणि ब्रिज असतील तर त्यांच्यावरही तपासा, नुसतं कार्डावर बदलून भागत नाही. स्विचचा माणूस येईपर्यंत तो एक पाथ हाताने फेल करून ठेवा, तीन पाथवर व्हीएम मजेत चालतात. असे उठबशा काढणारे पाथ बाजूला ठेवायला मल्टिपाथडीत मार्जिनल_पाथ_एरर नावाची चार सेटिंग आहेत. मुळात ती बंद असतात. चालू केली तर संशयित पाथवर सेकंदाला १० थेट रीड पाठवून एररचं प्रमाण मोजलं जातं, आणि ते मर्यादेपलीकडे गेलं की टीयूआर पास झाला तरी ठरलेला काळ पाथ परत घेतला जात नाही. सॅम्पलची वेळ १२० सेकंदांपेक्षा कमी ठेवू नका.

क्यूबद्दल दोनच ओळी, कारण तो वाद जुना आहे. सगळे पाथ गेल्यावर क्यू म्हणजे अनंत वाट पाहणं: क्यूएमयू (व्हीएम चालवणारी प्रोसेस) मारताही न येणाऱ्या डी स्टेटमध्ये, पीव्हीएस (डिस्कची यादी देणारी कमांड) लटकलेलं, होस्ट रीबूटही होत नाही, आणि मग डीएमसेटअप मेसेजने फेल_इफ_नो_पाथ पाठवून सुटका करून घ्यावी लागते. १२ तपासण्या गुणिले दोन तपासण्यांमधले ५ सेकंद म्हणजे १ मिनिट, कंट्रोलरच्या फेलओव्हरला पुरतं. तुमच्या ॲरेला जास्त लागत असेल तर २४ करा, माझी ना नाही.

तुमच्याकडे चारही पाथ ठणठणीत आहेत ना? मग चारही पिंगचं आणि चारही डीडीचं आउटपुट इथे खाली चिकटवा. -एलएल चं नको, ते पाहिलंय.