डार्कव्हिजन म्हणजे ट्यूबलाइट नव्हे!

"आम्हाला डार्कव्हिजन आहे." डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळात अंधारात पाहण्याच्या शक्तीबद्दलचं हे वाक्य कानावर पडलं की माझं टाळकंच सरकतं. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या माझ्यासारख्याने, रात्र रात्र जागून हल्ला रचायचा, अमावास्या ठरवायची, शेकोटी कुठे, पहाऱ्यावर कोण, झाडी किती लांब, सगळं लिहून काढायचं. आणि टेबलावरच्या एल्फने, ड्वार्फने, टीफलिंगने (ही सगळी अमानवी वंशांची पात्रं) एका सुरात हे वाक्य फेकून अख्खी रात्र पुसून टाकायची. पुढे लढाई कशी? भर दुपारी मैदानात उभं राहून केल्यासारखी.

अरे, ज्याच्या जोरावर एवढा माज करता तो नियम एकदा तरी धड वाचा! डीअँडडीच्या २०१४ च्या पुस्तकात बहुतेक वंशांना डार्कव्हिजन ६० फूट. म्हणजे नकाशाच्या ग्रिडवर, ५ फुटांचा एक याप्रमाणे, १२ चौकोन. त्यापलीकडच्या काळोखात तुम्ही आणि आपला मानव फायटर (लढवय्या), सगळे सारखेच आंधळे. त्या १२ चौकोनांतही लख्ख दिसत नाही. गडद अंधार तुमच्यासाठी अंधुक उजेड होतो, एवढंच. अंधुक उजेडात नजरेच्या परसेप्शनला (हेरण्याच्या कौशल्याला) डिसॲडव्हांटेज आहे, म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा; फासा न टाकता धरायचं पॅसिव्ह परसेप्शन थेट ५ ने खाली येतं. १४ असेल तर ९. गोब्लिन नावाच्या चिमुकल्या राक्षसाचं स्टेल्थ (लपून सरकण्याचं कौशल्य) +६ आहे, ते फाशात मिळवायचं. त्याला फाशावर नुसता ४ पडला तरी तो तुमच्या पहारेकऱ्याच्या शेजारून निघून जातो. आणि हे मी सांगितलं की "डीएम छळतोय"! मी छळत नाही, छापलेला नियम वाचून दाखवतोय.

परवाच्या सेशनला तर कहर झाला. या खेळाडूंनी उघड्या माळावर भली मोठी शेकोटी पेटवली. वर्णन करताना मी सांगितलंही, की जाळ लांबून दिसतोय. कुणी लक्ष देईल तर शपथ! हॉबगोब्लिन, म्हणजे गोब्लिनांचे थोरले भाऊबंद, १२० फुटांवर अंधारात उभे राहिले. त्यांच्या लाँगबोची (लांब धनुष्याची) साधी रेंजच १५० फूट. उजेडात बसलेला माणूस टिपायला त्यांना डार्कव्हिजनही लागत नाही, आणि ते दिसत नसल्यामुळे प्रत्येक बाणाला ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फाशांतला मोठा आकडा. पहिल्या फेरीत क्लेरिक (पुजारी) कोसळला आणि टेबलावर आरडाओरडा सुरू: "हे चीटिंग आहे, आम्हाला दिसायला हवेत!" का दिसायला हवेत? १२० मधून ६० वजा करता येत नाहीत?

बरं, उपाय नव्हते का? ढीगभर होते! शेकोटीवर माती लोटा. ओंडक्यामागे आडवे पडा, पडलेल्या माणसावर लांबून बाण मारणाऱ्याला डिसॲडव्हांटेज मिळतो. विझार्डकडे (जादूगाराकडे) डान्सिंग लाइट्स हा तरंगते दिवे सोडायचा मंत्र होता, रेंज १२० फूट, कितीही वेळा वापरता येणारा फुकटातला कॅन्ट्रिप! चार दिवे त्या अंधारात सोडले असते तर धनुर्धारी उघडे पडले असते. बाणाला लाइटचा मंत्र लावून तो तिकडे सोडता आला असता. यातलं एकही नाही. विझार्डने फायर बोल्ट हा आगीचा मंत्र मारला, तोही "आवाज आला तिकडे" म्हणून.

याचा मला जास्तच संताप येतो, कारण ही सगळी मंडळी मराठी आहेत. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं कशी तुटली, हे यांनी शाळेत घोकलंय. बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पाठलागावरच्या फौजेला भलत्याच बाजूला पळवल्याची कात्रज घाटाची गोष्ट तर पाळण्यापासून ऐकलीय. रात्री उजेड दिसला की शत्रू तिकडे धावतो, हे तरी त्यातून कळायला हवं होतं! रिकाम्या तंबूपाशी एक कंदील लावून आपण ५० फूट बाजूला दबा धरून बसायचं, एवढं साधं कुणाला सुचत नाही.

नियमही धुतल्या तांदळाचे नाहीत, तेही बोलतो. दोघेही एकमेकांना दिसत नसले की ॲडव्हांटेज आणि डिसॲडव्हांटेज कटतात, म्हणजे काळोखात ६०० फुटांवर दोन आंधळे धनुर्धारी सरळ फासा टाकून मारामारी करणार. हा शुद्ध मूर्खपणा आहे आणि माझ्या टेबलावर तो चालणार नाही.

आणि भोगतो कोण? मानव फायटर. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल, मशाल काय दातांत धरायची? त्याने ढाल सोडून मशाल धरली की बाकीचे खेकसतात, "विझव ती, आपण दिसतोय." आणि विझवली की त्याला तिथेच सोडून पुढे निघतात. एवढा चांगला खेळणारा पोरगा, आता एल्फ घेतो म्हणतोय!

पुढच्या सेशनपासून उजेडाचा हिशेब मी ठेवणार. मशाल २० फूट लख्ख, पुढचे २० अंधुक, एक तास झाला की विझली. हुडवाला कंदील एका बाटली तेलावर सहा तास. ज्याच्या पात्राच्या शीटवर मशाल लिहिलेली नाही, त्याच्याकडे मशाल नाही. मला विचारायचं नाही.