एक्स की जी?

प्रोसेसरवरच्या एका लेखात म्हटलंय की एएमडी कंपनीचा रायझन ५६००जी प्रोसेसर म्हणजे ५६००एक्सच, फक्त वर ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग) आतच फुकट. इथे जरा थांबा. दोन्हींत ६ कोअर (काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), दोन्ही ६५ वॅटचे, म्हणून कागदावर जुळे भाऊ वाटतात. पण जीमध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, एक्समध्ये ३२. शिवाय जी पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्ड जोडायचा मार्ग) ३.० वरच अडतो, एक्सला ४.० मिळतं. म्हणजे आज जी घेऊन उद्या तगडं ग्राफिक्स कार्ड लावलंत, तर गेममध्ये तो निम्मा कॅशे जाणवणार. कार्ड कधीच घ्यायचं नसेल तर मात्र जीच घ्या, डोळे झाकून.

नुसता ५६०० आणि ५६००एक्स यांच्या वेगात खरं तर २०० मेगाहर्ट्झचाच फरक. त्यासाठी जास्त पैसे का मोजायचे, मला तरी कळत नाही. तेच रॅममध्ये घाला.

इंटेलवाल्यांनी १२४००एफ घेताना एवढंच बघावं: नावात एफ असेल तर आतलं ग्राफिक्स बंद, कार्डाशिवाय मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. आणि नावात के असलेला प्रोसेसर घेतलात तर कूलर (तो थंड ठेवणारा पंखा) वेगळा घ्यावा लागेल, तोही हिशेबात धरा.