खुराडं घरी जरूर बांधा, पण त्या फिरत्या संदेशाप्रमाणे नको

परसात कोंबड्या पाळू पाहणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. कधी चित्रफीत, कधी लांबलचक संदेश, पण गाभा एकच. टाकाऊ लाकूड आणि साधी जाळी घ्या, एका दिवसात खुराडं उभं करा, गारठा लागू नये म्हणून ते चहूबाजूंनी बंद करा, स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं खायला घाला, औषधाऐवजी पाण्यात व्हिनेगर टाका आणि दर कोंबडीमागे रोज एक अंडं उचला. खर्च नाही, कटकट नाही.

घरी बांधलेल्या खुराड्याला माझा अजिबात विरोध नाही. तयार मिळणारी कित्येक खुराडी जेवढ्या कोंबड्यांसाठी म्हणून विकली जातात, तेवढ्या त्यांत धड मावतही नाहीत. स्वतः बांधणारा जागा, उंची, दाराची रुंदी आपल्याला हवी तशी ठेवू शकतो. आक्षेप वेगळा आहे: या मजकुरात काटकसर सांगितली आहे ती जाळी, हवा आणि खाद्य यांत, म्हणजे जिथे ती करूच नये तिथे. त्याची झळ बसते ती कोंबड्यांना.

पहिला दावा लाकडाचा. हाताला येईल ते जुनं लाकूड चालतं, असं सांगतात. मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेट वापरायच्या असतील तर त्यांवरचा शिक्का आधी वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ते वापरता येतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया केलेलं, ते बाजूला ठेवा. शिक्काच नसेल किंवा लाकडावर तेलाचे, रसायनांचे डाग असतील तरी नको. जुन्या दारं-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं. रंगाचे पोपडे मातीत पडतात, कोंबड्या ती माती टोचतात आणि शिसं अंड्यांपर्यंत पोहोचतं. कुजू नये म्हणून आर्सेनिकयुक्त द्रावण मुरवलेलं जुनं लाकूडही याच कारणाने टाळायचं.

जुन्या लाकडाची आणखी एक अडचण त्याच्या फटींमध्ये असते. लाल माइट हा गोचिडीसारखा रक्त पिणारा अगदी बारीक जीव दिवसा फटींत दडून बसतो आणि रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितो. उबदार हवेत त्याची एक पिढी साधारण आठवड्याभरात तयार होते आणि रक्त न मिळताही तो कित्येक महिने तग धरतो. दिवसा तपासलं तर कोंबडीच्या अंगावर काहीच सापडत नाही, म्हणून पाळणारा निर्धास्त राहतो. तुरा फिका पडलेली, संध्याकाळी खुराड्यात शिरायला कचरणारी कोंबडी दिसली तर अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जा आणि कोंबड्या रात्री ज्या दांडीवर बसतात तिची खालची बाजू, टोकं, सांधे बघा. लाकूड जुनं वापरायचंच असेल तर फटी भरून घ्या आणि बसायची दांडी सहज काढून धुता येईल अशी खाचेत ठेवा, खिळ्यांनी ठोकू नका.

दुसरा दावा जाळीचा, आणि सगळ्यात जास्त कोंबड्या याच्यामुळेच मरतात असं मला वाटतं. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी असते. बाहेरच्याला बाहेर ठेवायचं काम तिचं नाही. कुत्रं ती दातांनी फाडतं, उंदीर आणि साप तिच्या भोकांतून आत येतात, आणि पंजा आत घालता येणारा प्राणी जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीला तिथल्या तिथे जखमी करतो. खुराड्याच्या सगळ्या उघड्या भागांना सुमारे 12 मिलिमीटर भोकांची वेल्डमेश, म्हणजे जाड तारा एकमेकींना वेल्ड करून केलेली जाळी, लागते. ती महाग आहे हे खरं, पण बाकी सगळं जुनं वापरून वाचलेले पैसे इथेच घालावेत.

जाळी कशी बसवली हेही तेवढंच महत्त्वाचं. नुसत्या स्टेपलर पिना जोर लावला की उपटून येतात. लाकडी पट्टी वर दाबून स्क्रू मारा किंवा स्क्रूखाली रुंद वॉशर घाला. खालून उकरून येणाऱ्यांसाठी जाळी भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला 30 ते 45 सेंटिमीटर आडवी पसरा आणि तिच्यावर माती किंवा दगड टाका. उकरणारा प्राणी भिंतीला लागूनच सुरुवात करतो, जाळी लागली की थांबतो. मागे सरकून उकरावं हे त्याला सहसा सुचत नाही. खोल चर खणण्यापेक्षा हे सोपं आहे.

आता हवेचा मुद्दा. खुराडं घट्ट बंद करा हा सल्ला मायेपोटी दिला जातो, म्हणूनच तो पटकन पटतो. पण कोंबडीची गरज आपल्यासारखी नसते. तिच्या शरीराचं तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि पिसांमध्ये अडकलेली हवा तिची ऊब टिकवते. कोरड्या जागेत निरोगी, पूर्ण पिसांची कोंबडी बरीच थंडी सोसते. तिला सोसवत नाही ती ओल. रात्रभर तिच्या श्वासातून वाफ बाहेर पडते. विष्ठेचा तर बराचसा भाग पाणीच असतो. बंद खुराड्यात ही सगळी ओल छताला आणि भिंतींना धरते, खालचा भुसा भिजतो आणि ओल्या भुशातले जिवाणू विष्ठेतल्या युरिक आम्लापासून अमोनिया तयार करतात. कडाक्याच्या थंडीत तुऱ्याला होणारा हिमदंशसुद्धा दमट हवेत लवकर होतो.

अमोनिया हा इथला खरा शत्रू आहे. पक्ष्यांची श्वसनयंत्रणा फार कार्यक्षम असते. फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि हवा सतत एकाच दिशेने खेळत राहते. तेवढीच ती वायू आणि धुळीपुढे नाजूकही असते. श्वासनलिकेच्या आतले बारीक केसासारखे तंतू धूळ आणि जंतू बाहेर ढकलत असतात, अमोनिया त्यांनाच निकामी करतो. मग साध्या संसर्गातही कोंबडी घरघरायला लागते, डोळे सुजतात. आपण म्हणतो थंडी बाधली, आणि राहिलेली फटही बुजवून टाकतो. रोग आणि उपाय दोन्ही एकाच चुकीतून येतात, आणि हे चक्र तोडायला हवं.

तपासणी सोपी आहे. सकाळी दार उघडल्या उघडल्या गुडघ्यांवर बसा आणि नाक कोंबडीच्या उंचीला न्या. उभ्याने वास घेऊन उपयोग नाही. त्या उंचीला वास झोंबला किंवा डोळे चुरचुरले तर मर्यादा केव्हाच ओलांडलेली आहे. हवेच्या वाटा छपराच्या लगत, समोरासमोरच्या दोन भिंतींत ठेवा, म्हणजे दमट गरम हवा वरच्या वर निघून जाते आणि दांडीवर झोपलेल्या कोंबड्यांच्या अंगावर झोत येत नाही. त्या वाटांनाही वेल्डमेश हवीच. जिथे उन्हाळा कडक, तिथे एक पूर्ण भिंत जाळीची ठेवली तरी हरकत नाही. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकत अंग थंड करते. पारा 30 अंशांच्या वर गेला की तिची ओढाताण सुरू होते आणि बंद खोक्यात ती दगावू शकते.

रात्री नुसतं झोपायचंच तर असतं, मग जागा किती लागणार, असाही युक्तिवाद असतो. मध्यम आकाराच्या कोंबडीला आत किमान चार चौरस फूट आणि बाहेरच्या कुंपणात दहा चौरस फूट धरतात. दांडीवर प्रत्येकीला 20 ते 25 सेंटिमीटर. गर्दी झाली की टोचाटोची सुरू होते, रक्त दिसलं की बाकीच्याही तुटून पडतात. दांडी अंडी घालायच्या खोक्यांपेक्षा उंच ठेवा, नाहीतर कोंबड्या खोक्यांतच झोपतात आणि अंडी घाणीने माखतात.

घरगुती साधनांबद्दल मात्र तो मजकूर बहुतांशी बरोबर आहे आणि हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. झाकणाच्या बादलीला खालून निपल (कोंबडीने टोचलं की थेंब-थेंब पाणी सोडणारी छोटी तोटी) बसवून केलेलं पाण्याचं भांडं उघड्या थाळीपेक्षा कितीतरी स्वच्छ राहतं. जाड पीव्हीसी पाइपचं खाद्यपात्र चांगलं चालतं, फक्त रात्री त्याचं तोंड बंद करा, नाहीतर उंदरांची सोय होते. अंडी घालायला साधारण 30 सेंटिमीटरचं कुठलंही कोरडं खोकं पुरतं, चार-पाच कोंबड्यांमागे एक. इथे हात सैल सोडून जुनं-पुराणं वापरा.

पिल्लांसाठी उष्णतेचा दिवा तारेने टांगण्याचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 32 ते 35 अंश ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करत न्यायची असते, हे ठीक. पण कोरड्या भुशावर 250 वॉटचा दिवा निसटला की आग लागते. दिवा दोन स्वतंत्र साखळ्यांनी टांगा, त्याला जाळीचं आवरण हवं. शक्य असेल तर त्याऐवजी खाली पाय असलेली ऊबदार प्लेट घ्या. पिल्लं तिच्याखाली आईच्या पंखांखाली शिरावीत तशी शिरतात.

उरल्यासुरल्या अन्नावर अंडी मिळतात, हा दावा आकड्यांपुढे टिकत नाही. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज 100 ते 120 ग्रॅम संतुलित खाद्य लागतं, ज्यात 16 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. शिळ्या पोळी-भातात हे कुठून येणार? कमी पडलेलं कॅल्शियम कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते, आणि आपल्याला मात्र काही दिवस अंडी नियमित दिसत राहतात. उरलंसुरलं एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत ठेवा. बुरशी आलेलं, खारट, हिरवे पडलेले बटाटे, न शिजवलेली कडधान्यं आणि अॅव्होकाडो अजिबात नको. उलट बाजूने, अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य पिल्लांना घालू नका, त्यातल्या जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

व्हिनेगर आणि डायटोमाइटची पूड (सूक्ष्म शेवाळांच्या अवशेषांच्या खडकाची भुकटी) यांनी औषधं आणि लसी लागत नाहीत, हे सांगणाऱ्यांवर माझा खरा राग आहे. मानमोडी आणि मारेक हे विषाणूंचे रोग आहेत. मारेकची लस पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्याच दिवशी द्यायची असते, मानमोडीची लहानपणीच डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. पाण्यातलं व्हिनेगर यांतलं काहीच रोखत नाही. पाण्याचं भांडं जस्ताचा मुलामा असलेलं असेल तर आम्लाने जस्त पाण्यात उतरतं आणि कोंबडीला विषबाधा होऊ शकते. पुडीची बारीक धूळ कोंबड्यांच्या आणि आपल्याही फुप्फुसांना घातक आहे. कोंबडी गप्प बसली, हिरवट हगली, मान वाकडी झाली तर पशुवैद्याकडे जा, आणि तिला बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा.

राहिला रोज एक अंडं हा हिशेब. एक अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, त्यामुळे अंडी घालायची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मग एखादा दिवस चुकतो. दिवस लहान झाले, उजेड 14 तासांखाली गेला की अंडी कमी होतात, पिसं झडायच्या काळात तर काही आठवडे बंदच. अंडी मिळावीत म्हणून कोंबडा ठेवायचं कारण नाही, तो फक्त उबवायची अंडी हवी असतील तरच लागतो. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, साधारण पाचव्या महिन्यात अंडी द्यायला लागते, दोन-तीन वर्षं चांगली देते, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं जगते. त्या वर्षांत तिला दाणा, पाणी, जागा सगळं तेवढंच लागतं, म्हणून किती कोंबड्या आणायच्या आणि म्हातारपणी त्यांचं काय करायचं हे खुराड्याची मापं घेण्याआधीच घरात बसून ठरवा.