पोरांनी मराठी वाचावी असे वाटत असेल, तर तिच्यावर बंदी घाला

बडोदेकर गृहस्थहो, घरातली पोरे मराठी वाचत नाहीत ही तक्रार आता पुरे करा. गेल्या गणेशोत्सवात आमच्या वाडीत कॉलेजात जाणारा एक मुलगा मोबाइलवर रोमन अक्षरांतली आरती उघडून उभा होता. ‘ळ’ आणि ‘ल’ यांचा घोळ झाल्यावर त्याने दोष मोबाइलला दिला आणि त्याच्या आजोबांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. माना हलवून भागायचे नाही. जगाच्या इतिहासात यावर हमखास उपाय दिलेला आहे आणि त्याला दमडीही लागत नाही. बंदी घाला.

लिथुआनियाचे उदाहरण घ्या. रशियाच्या झारने १८६४ मध्ये तिथल्या भाषेची लॅटिन अक्षरांतली छपाई बंद केली. गृहस्थ मोठा समजूतदार होता. भाषा तुमचीच ठेवा, फक्त अक्षरे आमची वापरा, एवढेच त्याचे म्हणणे. पण शेतकऱ्यांना ही सोय कळली नाही. त्यांनी सरहद्दीपलीकडे प्रशियात पुस्तके छापून घेतली, पाठीवरच्या पोत्यांतून रात्री-अपरात्री इकडे आणली, पकडले गेले ते सैबेरियात गेले, आणि घरोघरच्या आया चरख्याशी बसल्या बसल्या पोरांना अक्षरे गिरवायला लावत राहिल्या. १९०४ मध्ये, चाळीस वर्षांनी, झारचे सरकार कंटाळले आणि बंदी उठली. आपल्या पोरांनी मात्र कोणत्याही झारचा हुकूम नसताना मराठी आपण होऊन परक्या अक्षरांत लिहायला घेतली, यावरून आपला समाज किती पुढे गेला आहे ते दिसतेच.

बंदी कशी घालावी याचा नमुना हवा असेल, तर तो अमेरिकेतून आणावा. गुलामाला लिहायला शिकवणाऱ्यास शंभर पौंड दंड, असा कायदा साउथ कॅरोलिनाने १७४० मध्येच केला होता. अशा बंदीचा परिणाम पाहा. फ्रेडरिक डग्लस नावाचा गुलाम पोरगा खिशात पाव घालून बाहेर पडे आणि गल्लीतल्या भुकेल्या गोऱ्या पोरांना तो देऊन त्यांच्याकडून धडे घेई. सव्हाना शहरात सूझी किंग ही मुलगी पुस्तके कागदात गुंडाळून निघे. पंचवीस-तीस मुले एकेक करून फाटकातून आत शिरत, आणि ती काहीतरी कामधंदा शिकत असावीत असे शेजाऱ्यांना वाटे. आपल्या मुलाला शिकवणीला पाठवायचे तर त्याच्या हातात आधी पिझ्झाचे पैसे ठेवावे लागतात. पाव इथेही आहेच, फक्त तो उलट्या दिशेने जातो.

अर्थात बंदीची विद्या आपण बाहेरून आणावी असे काही नाही. आपण या बाबतीत फार काटकसरी. साउथ कॅरोलिनाला कायदा करावा लागला, छापावा लागला. आपण कागदाचा एक तुकडाही न दवडता बायकांना आणि निम्म्याहून अधिक गावाला शतकानुशतके अक्षरांपासून दूर ठेवले. एकोणिसाव्या शतकात पूर्व बंगालमध्ये राससुंदरी देवी या गृहिणीने पोथीचे एक पान सोडवून स्वयंपाकघरात लपवले, आणि डाव्या हातात ते धरून, उजव्या हाताने रांधत, पदराआडून ती एकेक अक्षर लावत बसली. तिला कोणत्या कलमाखाली शिक्षा झाली असती? कोणत्याच नाही. घरातली माणसे पुरेशी होती. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि नळाला हात लावायची सोय नव्हती, तेही कोणत्या कायद्यात लिहिलेले नव्हते.

तेव्हा आपल्या गावाची गोष्ट काढायलाच हवी, कारण सगळा घोटाळा इथेच झाला. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड ठेवला. सरकार दंडुका घेऊन शिकवायला लागल्यावर चोरून शिकण्यातली गोडी राहील कशी? त्याच महाराजांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले, आणि १९१७ मध्ये ते शिकून बडोद्याच्या नोकरीत आले तेव्हा या शहराला त्यांना भाड्याने खोली देता आली नाही. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावे लागले, तिथूनही काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले, आणि ते कमाटीबागेत जाऊन बसले. रविवारी आपण त्या बागेत भेळ खायला जातो.

असो. बंदीकडे वळू. बालभारतीचे पुस्तक तांदळाच्या डब्यात खाली दडवा. तालिबानच्या पहिल्या राजवटीत हेरातच्या बायका शिवणकामाच्या पिशवीत कापडाखाली वह्या ठेवून वर्गाला जात आणि बाहेर खेळणारी मुले पहारा ठेवत. तशी एक पिशवी मुलीसाठी शिवून घ्या. २०२१ पासून तिथल्या मुलींना सहावीनंतर पुन्हा शाळा बंद आहे, तेव्हा नमुना अजून वापरात आहे. जेवताना कोणी मराठी म्हण वापरली, तर ताट उचला. वाचनालयाचे वर्गणीपुस्तक तिजोरीत ठेवा.

मी स्वतः सुरुवात केली आहे. आमच्याकडे पणजोबांच्या वेळची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात मोडी लिपीतले कागद आहेत, हिशेब, पत्रे, वाटणीचा एक मसुदा. मोडी घरात कोणालाच येत नाही, मलाही नाही. नातीला बोलावून मी बजावले की या पेटीला हात लावशील तर खबरदार, यातले एक अक्षरही तुला कळता कामा नये. पेटीला कुलूप घातले आणि किल्ली मुद्दाम, तिला दिसेल अशी, देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. याला आता तीन महिने झाले. परवा तिने किल्ली काढली. मी दाराआडून श्वास रोखून पाहत होतो. तिने त्याच खिळ्याला मोबाइलचा चार्जर अडकवला आणि किल्ली माझ्या हातात आणून दिली, “आजोबा, ही तुमची, हरवेल.”