एमिल नोल्डे: छळ झाला, पण विरोध नव्हता

जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकार एमिल नोल्डे याच्याविषयीची एक पोस्ट चित्रकलेच्या ग्रुपांवर वरचेवर फिरते. 'हिटलरपुढे न झुकलेला कलावंत' असा तिचा सूर. नाझींनी त्याची हजारावर चित्रं जप्त केली, त्याला चित्र काढायचीच बंदी केली, पोलीस घरी येऊन ब्रश ओले आहेत का ते बघत, आणि तैलरंगाचा वास बाहेर जाईल म्हणून हा बंद खोलीत चोरून चिटुकली जलरंगचित्रं करत राहिला, असं तिच्यात आहे. पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. नोल्डेची खसखशीची फुलं आणि त्याचा समुद्र मला फार जवळचे आहेत. म्हणूनच ही पोस्ट तशीच पुढे जाऊ द्यावीशी वाटत नाही.

जप्तीचा भाग खरा आहे, तो आधी मान्य करते. १९३७ मध्ये जर्मन संग्रहालयांतून नोल्डेच्या १,०५२ कलाकृती उचलल्या गेल्या. दुसऱ्या कोणत्याही चित्रकाराच्या एवढ्या गेल्या नाहीत. नाझींनी म्युनिकमध्ये भरवलेल्या 'विकृत कला' प्रदर्शनात त्याची ख्रिस्तचरित्रावरची नऊ चित्रांची मालिका लोकांनी टिंगल करावी म्हणून टांगली होती. हा अन्याय होता आणि तो मोठा होता.

पण त्यावरून तो नाझींचा विरोधक होता असं पोस्ट ठरवून टाकते, आणि तिथे ती साफ खोटी पडते.

नोल्डे जन्मला १८६७ मध्ये, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या सीमाभागात. मूळ नाव हान्स एमिल हान्सेन. नोल्डे हे त्याच्या गावाचं नाव. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' जोडून आडनाव होतं तसं त्याने ते १९०२ मध्ये लावून घेतलं. १९२० च्या सार्वमतानंतर ते गाव डेन्मार्ककडे गेलं आणि नोल्डे डॅनिश नागरिक झाला, तो मरेपर्यंत. म्हणजे नाझी संघटनेत जाण्याची त्याला कसलीच गरज नव्हती. तरी १९३४ मध्ये डेन्मार्कच्या बाजूच्या जर्मन अल्पसंख्याकांच्या नाझी संघटनेत तो आपणहून दाखल झाला. त्याच वर्षी हिटलरला पाठिंबा देणाऱ्या कलावंतांच्या जाहीर पत्रकावर त्याने सही केली.

याहून वाईट गोष्ट १९३३ ची आहे. माक्स पेख्स्टाइन हाही जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकार, दोघंही एकेकाळी 'ब्र्यूके' या चित्रकारांच्या गटात होते. नोल्डेने एका सरकारी अधिकाऱ्याला सांगितलं की पेख्स्टाइन ज्यू आहे. पेख्स्टाइन ज्यू नव्हता. पण त्या वर्षी असं बोलणं म्हणजे एखाद्याच्या पोटावर पाय देणं होतं, आणि हे नोल्डेला कळत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. ज्यूंना जर्मनीतून हलवून दुसरीकडे वसवण्याची एक योजनाही त्याने त्याच सुमारास तयार केली होती. १९३४ मध्ये निघालेल्या आत्मचरित्राच्या दुसऱ्या खंडात ज्यूद्वेष उघड छापलेला आहे. युद्धानंतरच्या आवृत्त्यांतून तो मजकूर गाळला गेला, आणि पुढच्या वाचकांना वेगळाच नोल्डे भेटला.

यावर काही जण म्हणतात की तो आधी भुलला असेल, पण १९३७ च्या अपमानाने त्याचे डोळे उघडले असतील. तसं झालेलं नाही. जुलै १९३८ मध्ये त्याने नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला पत्र लिहून आपली चित्रं परत मागितली. आधार काय दिला? जर्मन कलेत शिरलेल्या परक्यांशी उघडपणे लढलेला जवळपास एकटा कलावंत मीच, हा. १९४२ मध्ये तो आणि त्याची बायको आडा व्हिएन्नाला बाल्डूर फॉन शिराख या बड्या नाझी नेत्याकडे गेले, तेही रदबदलीसाठी. युद्ध संपेपर्यंत त्याची निष्ठा ढळली नव्हती, हे त्याच्या पत्रव्यवहारात दिसतं.

आता बंदीबद्दल. ऑगस्ट १९४१ मध्ये त्याला सरकारी कलामंडळातून काढलं. त्यामुळे विक्री, प्रदर्शन, प्रकाशन बंद झालं आणि रंगसाहित्य मिळणंही अवघड झालं. व्यवसाय बंद केला होता. घरात बसून चित्र काढायला मनाई नव्हती. गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, झडत्यांना पुरावा नाही. छोट्या कागदांवर जलरंगात काम करण्याची सवय त्याला बंदीच्या कितीतरी आधीपासून होती, आणि बंदीनंतर त्याने तैलरंगही सोडले नाहीत. मग वासाची भीती कुठून आली?

ती गोष्ट नंतर रचली गेली. १९४६ मध्ये नाझी भूतकाळाची छाननी करणाऱ्या समितीने त्याची हकालपट्टी हाच विरोधाचा पुरावा मानला आणि त्याला निर्दोष ठरवलं. १९५६ मध्ये तो वारला. १९६३ मध्ये कलासमीक्षक वेर्नर हाफ्टमान यांनी या छोट्या चित्रांवरच्या पुस्तकातून त्याला चोरून रंगवणारा हुतात्मा केलं. हाफ्टमान स्वतः नाझी पक्षाचे सभासद होते. पाठोपाठ १९६८ मध्ये झीगफ्रीड लेंत्स यांची कादंबरी आली. तिच्यात चित्र काढायला बंदी झालेला एक चित्रकार आहे आणि त्याच्यावर पाळत ठेवणारा गावचा पोलीस आहे. ती जर्मन शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. ओले ब्रश तपासणारा पोस्टमधला पोलीस मला थेट याच कादंबरीतून उठून आलेला दिसतो.

नोल्डेचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेने अलीकडे कागदपत्रं अभ्यासकांना खुली केली आणि २०१९ मध्ये बर्लिनच्या हाम्बुर्गर बानहोफ संग्रहालयात ती चित्रांसोबत मांडली गेली. तेव्हा चॅन्सेलर आंगेला मेर्केल यांच्या कार्यालयातली नोल्डेची दोन चित्रं उतरली, ती पुन्हा तिथे लागली नाहीत.

शेवटचा मुद्दा मला स्वतःला सर्वांत जड जातो: 'माणूस कसाही असो, चित्रं तरी निर्मळ आहेत.' मीही बरीच वर्षं हेच म्हणत आले. पण त्याच्या मनुष्याकृती वर्षांच्या क्रमाने लावून बघा. १९०९ पासून त्याने ख्रिस्त आणि त्याचे शिष्य असे रंगवले की चेहरे मुखवट्यांसारखे अंगावर येतात. पिवळ्या-लाल रंगांची ती धग अजून कमी झालेली नाही. नाझी राजवट आली आणि १९३४ नंतर बायबलचे विषय त्याच्या कामातून नाहीसे झाले. त्यांच्या जागी व्हायकिंग, उत्तरेकडचे राजे, योद्धे आले. पोस्टसोबत जी चिटुकली जलरंगचित्रं निर्भयपणाची खूण म्हणून फिरतात, त्यांतले दाढीवाले पुरुष तेच आहेत.